पायाला पेव्हर, पाण्याला गोटे

आमचं घर लांजा तालुक्यात, रस्त्यापासून जरा खाली. म्हणजे गेट वर, घर खाली आणि मधल्या उतारावर बाग. बाग म्हणजे लॉनबिन काही नाही हं, दोन माड, एक हापूस, एक फणस, अबोली, जास्वंद, अळू, कर्दळ, जे जिथे उगवलं ते तिथे. गेटपासून पडवीपर्यंत मातीची पायवाट होती, वर्षातले आठ महिने झकास आणि जून ते सप्टेंबर तिचा ओढा. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा या चार महिन्यात, त्यामुळे तांबडी माती चिकटून बसायच्या आधी वाहूनच जाते, दर वर्षी वाट अजून दोन इंच खोल. आणि दुसरी कटकट पागोळ्यांची. नळ्याची कौलं जाऊन मंगलोरी आली तरी पागोळ्या त्या पागोळ्याच, पडवीच्या बाजूने एका रेषेत पाणी पडतं, तिथे चर पडतो आणि तांबडे शिंतोडे भिंतीवर गुडघ्याएवढे. दर गणपतीला भिंतीचा खालचा पट्टा परत रंगवा.

तर प्रश्न दोन होते, एक चालायचा आणि एक पाण्याचा. आता सगळं काम उरकल्यावर माझं ठाम मत झालंय की बहुतेकांच्या वाटा बिघडतात त्या हे दोन प्रश्न एकाच मालाने सोडवायला जातात म्हणून. मोबाईलवर फोटो बघायचे, पांढऱ्याशुभ्र गोट्यांची वाट, मधे चार दगड, वा काय सुंदर. अरे पण त्याच्यावरून डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चालून बघा. गोल गोटा पायाखाली सरकतोच, तो गोल आहे म्हणूनच सरकतो, खडीसारखे कोपरे त्याला नाहीत एकमेकात अडकायला. पण तोच गोटा पाण्याखाली टाका, पाण्याचा मार त्याच्यावर मोडतो, पाणी फटीतून खाली जातं आणि चिखल उडत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, पाय पडेल तिथे पेव्हर, म्हणजे जमिनीवर जोडून बसवायचे ठोकळे, आणि पाणी पडेल किंवा वाहील तिथे गोटे. हे ठरल्यावर पुढचे निम्मे वाद आपोआप मिटले.

निम्मेच हो. नवऱ्याचं म्हणणं होतं सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा मारून टाकू, एकदाच काय तो खर्च. आमच्या वाडीत दोन घरांनी तसं केलंय, मे महिन्यात दुपारी तिथे उघड्या पायाने उभं राहता येत नाही आणि पावसात सगळं पाणी कुठेच न मुरता सरळ जोत्याकडे येतं. शिवाय आमची विहीर घराच्या खालच्या अंगाला आहे, वरचं पाणी मुरलं तर मे मधे ती तग धरते. सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला, "झाडांनी पाणी प्यायचं कुठून मग?"

मग मालाचा शोध. कोकणात पहिला विचार जांभ्याचा, अंगणात जांभा, पाखाडीच्या पायवाटेला जांभा, कुंपणाच्या गडग्याला जांभा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, हवा लागली की कडक होत जातो, हे सगळं खरं. पण तो भोकंभोकं असलेला दगड, पाणी धरून ठेवतो आणि जुलैपर्यंत त्याच्यावर शेवाळाचा हिरवा थर. जुन्या पाखाडीवर पावसात लोक झावळं टाकून चालतात ते उगाच नाही. म्हणून जांभा वापरायचा तो कडेला आणि वरच्या तीन पायऱ्यांना. शहाबादी फरशी मला आवडते पण तिकडून इथवर आणायचं भाडं ऐकून गप्प बसले, आणि गुळगुळीत बाजू वर असली तर पावसात तीही घसरतेच.

राहिले सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. यातही दोन जाती आहेत हे मला आधी माहीत नव्हतं. एक रबरच्या साच्यात ओतून केलेले, वरून चकचकीत, लाल पिवळे, फुलाच्या नक्षीचे, दुकानात तेच पुढे मांडलेले असतात. दुसरे मशीनवर दाबून केलेले, वरून खरखरीत, दिसायला अगदी साधे. आमच्या पावसाला खरखरीतच पाहिजेत, चकचकीत ब्लॉकवर पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा असला तरी चप्पल सुटते. जाडी ६० मिमी घेतली, पायी चालायला आणि दुचाकीला भरपूर झाली, चारचाकी आत घेणार असाल तर ८० बघा. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ असं भारतीय मानक आहे, त्यात ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं दिलंय. ते घरी ढोबळ तपासता येतं, ब्लॉक उन्हात चांगला वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करायचं, एक पूर्ण दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, वरचं पाणी पुसून परत वजन. पावणेतीन किलोचा ब्लॉक दीडशे ग्रॅमच्या आत वाढला तर ठीक. एका ठिकाणचा ब्लॉक इतकं पाणी प्यायला की किराणावाला पण हसला. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे दोन ब्लॉक एकमेकांवर आपटायचे, खणखणीत वाजले पाहिजेत, बद्द आवाज आला तर पुढच्या दुकानात. आणि कधी पाडलेत ते विचारा, सिमेंटच्या मालाला २८ दिवस द्यावे लागतात, गेल्या आठवड्यात पाडलेले ओले ब्लॉक गाडीतच कोपरे टाकतात.

साधे आयताकृती घेतले, २०० बाय १०० मिमीचे. हिशोब सोपा आहे, एका चौरस मीटरला ५० ब्लॉक. आमची वाट ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद, म्हणजे १६० चौरस फूट, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे ब्लॉक, तोडमोड धरून ८०० मागवले. आता एका ब्लॉकचं वजन पावणेतीन किलो, ८०० चं सव्वादोन टन होतं, हे आधी कुणी मनात धरत नाही आणि मग छोटा टेम्पो बोलावतात. आम्ही मोठी गाडी, टाटाची ४०७ सांगितली, ती वाडीच्या वळणावर वळेना, मग माल रस्त्यावर उतरवून घमेल्यातून आणि डोक्यावरून आणला. शाळेतून येणारी पोरंसुद्धा एकेक ब्लॉक घेऊन आली, त्यांना नंतर कोकम सरबत.

वेळ कुठली धरायची याबद्दल एक सांगते. पावसाळ्यात काम नाहीच, पण पाऊस गेल्या गेल्या पण नको, जमीन आत ओली असते. आणि मार्चनंतर गडी मिळत नाहीत, सगळे आंब्याच्या मागे. डिसेंबर-जानेवारी उत्तम. त्यातून वळवाची भीती नाही.

वाट कुठून न्यायची हा खरं तर सगळ्यात मजेचा भाग. नवऱ्याने कागदावर सरळ रेघ काढलेली. पण जुनी पायवाट सरळ नव्हतीच, ती फणसाला वळसा घालून जायची, आणि माणसं वर्षानुवर्षं जिथून चालतात त्याला काहीतरी कारण असतं. इथे कारण होतं उतार, सरळ गेलं की एकदम उतरावं लागतं, वळसा घातला की हळूहळू. फक्त एका जागी ती अगदी माडाखालून जात होती. नारळ डोक्यात पडायची भीती नको म्हणून तेवढी सहा फूट बाजूला घेतली. पाण्याचा रबरी पाईप जमिनीवर टाकून वळण बसवलं, पाईप मस्त वळतो, आवडेपर्यंत हलवत राहायचा, आणि मग त्याच्या कडेने रांगोळी ओढली. दोन दिवस तशीच ठेवून आम्ही सगळे त्या रांगोळीच्या आतूनच चाललो. दूधवाला जिथे रेघ ओलांडायचा तिथे वळण अजून मोकळं केलं. रुंदी ४ फूट एवढ्यासाठी की दोन माणसं शेजारून जातील, तीन फुटात एकाला कर्दळीत उतरावं लागतं.

खणायला दोन गडी आणि मेस्त्री. बाजूला जुन्या गडग्याचे चिरे ढीग करून पडले होते ते आधी हलवायचे होते, आणि इथे मी फार कडक राहिले. आमच्याकडे फुरसं असतं, विषारी साप. एवढंसं, मातीच्या रंगाचं, आणि दगडांच्या ढिगात, पालापाचोळ्यात बसतं. चिरा हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटा करायचा, बघायचं, मग हात. तिसऱ्या-चौथ्या चिऱ्याखाली निघालंच एक. गड्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही, मला मात्र दिवसभर प्रत्येक काटकी वळवळताना दिसत होती. वाटेचा रंग फिकट करड्या छटेचा घेतला त्यामागे हे पण एक कारण आहे, रात्री बॅटरीच्या उजेडात फिकट जमिनीवर काही असलं तर दिसतं. म्हणून वाटेच्या कडेला सुटे दगड रचून सजावटबिजावट आमच्याकडे नाही.

खणायचं किती ते खालून वर मोजत यायचं. खडीचा थर ४ इंच, वाळू १ इंच, ब्लॉक जवळजवळ अडीच इंच, आणि तयार वाट जमिनीच्या अर्धा इंच वर पाहिजे, म्हणजे ७ इंच खोल. कडेच्या चिऱ्यांसाठी दोन्ही बाजूला अर्धा अर्धा फूट जास्त रुंद. हापूसची एक मनगटाएवढी मुळी आडवी आली, ती तोडली नाही, तिथे खडीचा थर दोन इंचच ठेवला, पुढे मागे तिथला ब्लॉक उचलला जाईल तेव्हा बघू, ब्लॉकच आहे, काढून परत बसवता येतो, कोब्याला ही सोय नाही.

उतार दोरी आणि पाण्याच्या लेव्हल पाईपने काढला. मेस्त्रींचा डोळा चांगला आहे पण वाट मुळातच उतारावर असली की आडवा उतार डोळ्याला फसवतो. आम्ही ४ फुटाच्या रुंदीत १ इंच उतार दिला, घराकडे नाही, बाजूच्या अळूच्या वाफ्याकडे. इथे मेस्त्रींशी पहिला वाद.

"वैनी, एवढा उतार दिसंल तिरपा."

"दिसू दे की ओ मेस्त्री, पाणी उभं राहिलं तर त्याहून वाईट दिसेल."

अर्धा इंच पुरला असता असं ते अजूनही म्हणतात. कोरड्या गावात पुरेलही.

दुसरा वाद मोठा झाला. मेस्त्रींना खाली सिमेंटचा कोबा मारून त्यावर ब्लॉक मसाल्यात बसवायचे होते, "हलायचं नाव घेणार नाय." मी बरंच वाचलेलं आणि बांधकाम खात्यातून रिटायर झालेल्या एका मामांना फोनही केलेला. त्यांनी समजावलं ते असं, ब्लॉकच्या वाटेचा मुद्दाच हा की ती थोडी थोडी हलते आणि परत बसते, पाणी फटीतून वाळूत, वाळूतून खडीत आणि खडीतून जमिनीत जातं. खाली कोबा मारला की ते पाणी वाळूत अडकून राहतं, ब्लॉक खालून ओले, वर शेवाळ जास्त. कापून काढलेल्या घट्ट तांबड्या जमिनीवर कोब्याची गरज नाही. भर टाकलेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी, तिला निदान एक पावसाळा बसू द्यायला हवं. आमची जमीन मूळची, म्हणून कोबा नाही. मेस्त्री दोन तास गप्प होते, चहा झाल्यावर म्हणाले, "बरं, पण खडी मी सांगंन तशी." कबूल.

आणि ते बरोबरच सांगत होते. एकाच मापाची खडी घेतली तर ती धुम्मसाने ठोकून बसत नाही, नुसती खडखडत राहते. मोठी, मधली आणि ग्रीट अशी मिसळलेली पाहिजे, म्हणजे मोठीच्या पोकळीत बारीक बसते. काळ्या दगडाची, जांभ्याच्या तुकड्यांची नको, ते दाबाखाली कुटतात. १६० चौरस फुटाला ४ इंच म्हणजे ५३ घनफूट होतं, दाबून कमी होतं म्हणून पाऊण ब्रास. ब्रास म्हणजे १०० घनफूट. खाली जमिनीवर आधी कापडासारखा जिओटेक्स्टाईल अंथरला, त्यातून पाणी जातं पण माती वर येत नाही. बरेच जण पैसे वाचवायला प्लास्टिकचा कागद घालतात, त्याने पाणीच अडतं, त्यापेक्षा काहीच घालू नका. खडी दोन थरात टाकली, प्रत्येक थरावर झारीने पाणी मारायचं आणि भाड्याने आणलेलं दाबायचं मशीन, म्हणजे प्लेट कॉम्पॅक्टर, फिरवायचं. तो आवाज! सासूबाई त्या दिवशी शेजारी जाऊन बसल्या. कडेला जिथे मशीन जात नाही तिथे हाताने धुम्मस.

मग कड. ही लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत आणि वर्षभरात कडेचे ब्लॉक बागेत लवंडलेले असतात. ब्लॉकची वाट एकमेकांना दाबून उभी असते, कडेला धरणारं कुणी नसेल तर दाब सुटतो. चिरे लांबीत उभे चिरून घेतले, दोरीला लावून सिमेंट काँक्रिटमधे बसवले, बाहेरच्या बाजूने काँक्रिटचा उतरता आधार दिला जो नंतर मातीखाली गेला. उताराकडच्या बाजूला चिऱ्यांमधे फटी सोडल्या, पाणी अळूकडे जायला.

वाळू खाडीची घेऊ नका. स्वस्तात कुणीतरी देतंच. खारट असते आणि मग ब्लॉकवर पांढरा लोणा फुटतो. आम्ही धुतलेली क्रश सँड घेतली, जाडसर. दगडाची भुकटी पण नको, ती पाणी धरून चिखल होते. एक एक इंची दोन लोखंडी पाईप समांतर ठेवायचे, मधे वाळू टाकायची आणि सरळ फळीने पाईपवरून ओढून सारखी करायची, मग पाईप काढून तो चर हाताने भरायचा. आणि त्यानंतर त्याच्यावर पाय द्यायचा नाही, मांजरानेसुद्धा. आमच्या मांजराला हे मान्य नव्हतं.

ब्लॉक बसवायला खालून सुरुवात केली, पडवीकडून गेटकडे. उतारावर वरून सुरू केलं तर सगळा भार सरकत खाली येतो, खालून सुरू केलं तर प्रत्येक ओळ खालच्या ओळीला टेकते. नक्षी हेरिंगबोन, म्हणजे एक आडवा एक उभा अशी तिरकी वीण. सरळ ओळीत बसवणं सोपं आहे पण सरळ लांब सांध्यातून पाणी धावतं आणि ओळीच्या ओळी सरकतात. बसवलेल्या ब्लॉकवर बसूनच पुढचा बसवायचा, म्हणजे वाळू मोडत नाही, रबरी हातोड्याने दोन टोले. हे काम मी पण केलं. पहिल्या दिवशी फारच हळू, दुसऱ्या दिवशी हात बसला, आणि खरं सांगू, त्यात एक नशा आहे, अजून एकच ओळ अजून एकच ओळ म्हणत अंधार पडायचा. कमरेचं नंतर काय झालं ते सोडा. वळणावर तुकडे कापावे लागतात, तिथे मेस्त्री आणि त्यांचा कटर. ब्लेडवर पाणी सोडत कापायचं आणि तोंडाला मास्क, ती सिमेंटची धूळ छातीला फार वाईट. मेस्त्री मास्क गळ्यात घालून कापत होते, त्यांना मी बोलले की तेवढ्यापुरता नाकावर चढायचा.

सगळं बसल्यावर परत कॉम्पॅक्टर, खाली जुनं गोणपाट बांधून, नाहीतर ब्लॉकचे कोपरे उडतात. मग बारीक कोरडी वाळू खराट्याने सांध्यात झाडायची, परत मशीन, परत वाळू. सांधे भरत नाहीत तोवर ब्लॉक सुटे, भरले की अख्खी वाट एक होते. आठवडाभराने वाळू खाली बसलेली दिसते, तेव्हा पुन्हा झाडायची. कंटाळा येतो पण ते सोडू नये.

गेटजवळ उतार फार उभा होता, तिथे वाळूवर ब्लॉक टिकत नाहीत. तिथे जांभ्याच्या तीन पायऱ्या, साडेपाच इंच उंच आणि सव्वा फूट खोल, सासूबाईंच्या गुडघ्याला विचारून.

आता गोटे. नर्सरीत पांढरे पॉलिशचे गोटे दाखवतात, त्यातले बरेच संगमरवराचे घासून गोल केलेले. एका पावसात हिरवे आणि तांबडे डाग, मग घासत बसा. आम्ही करडे-काळे, दीड इंचापर्यंतचे साधे गोटे घेतले, पोत्यात मिळतात, परवानगीने काढलेल्या मालाची पावती बघून. नदीतून रात्री गोणी भरून आणून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागलो नाही. पागोळ्यांखाली २ फूट रुंद आणि २४ फूट लांब पट्टा, ३ इंच जाडीचा, म्हणजे १२ घनफूट, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो, २५ किलोची २२ पोती. रुंदी २ फूट यासाठी की आमच्याकडे वारा असतो, पागोळी कौलाच्या बरोबर खाली पडते हे फक्त शांत पावसात. खाली जिओटेक्स्टाईल, जमिनीला भिंतीपासून बाहेर उतार, कडेला चिरे.

आणि वाट जिथे पडवीला मिळते तिथे आडवा चर. एवढं पाणी बाजूला काढूनसुद्धा ४० फुटाच्या वाटेवरून जे लांबीत येणार ते थेट पायरीशी आलं असतं. एक फूट रुंद, दीड फूट खोल, आत कापड, तळाला चार इंची पाईप भोकं खालच्या बाजूला करून, वर खडी आणि सगळ्यात वर गोटे. पाईपला दर १० फुटाला सव्वा इंच उतार, आणि तो बाहेर निघतो माडाच्या आळ्यात, तिथून जास्तीचं पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला. हा चर ओलांडायला मधे एक मोठी काळ्या दगडाची फरशी, म्हणजे पाय गोट्यांवर पडतच नाही.

विहिरीकडे मात्र पूर्ण वाट केली नाही, पैसे संपत आले होते. तिकडे सुट्या फरश्या आणि मधे गोटे. पुस्तकी माप असतं दोन फरश्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोन फूट. मी सासूबाईंना ओल्या मातीवरून चालायला लावलं आणि ठसे मोजले, दीड फुटाच्या आसपास भरले. लुगडं नेसून, हातात कळशी घेऊन कोण दोन फुटाची ढांग टाकतं? नवऱ्याला आता तिथून चालताना तुरूतुरू जावं लागतं, तो कुरकुरतो, पण विहिरीवर तो जातो किती! गोट्यांची पातळी फरशीच्या अर्धा इंच खाली ठेवली, नाहीतर गोटे फरशीवर येतात आणि तिथेच पाय घसरतो.

जूनमधे पहिला मोठा पाऊस रात्री आला आणि आम्ही तिघं बॅटरी घेऊन पडवीत उभे. वाटेवरचं पाणी अळूकडे वळत होतं, चर गिळत होता, भिंत गुडघ्याएवढी पांढरीच. एका ठिकाणी, वळणाच्या आतल्या बाजूला, मोठं ताट मावेल एवढं पाणी साचलं. ऑक्टोबरमधे तेवढे वीसेक ब्लॉक उचलून खाली वाळू वाढवून परत बसवले, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या एका जागी जमीन बसली ती मात्र घुशीने खालून बीळ काढलं म्हणून, तिथे खडी ठासून भरली आणि कडेला बारीक जाळी उभी गाडली. घुशीचा बंदोबस्त अजून चालू आहे, ती पण चिकाटीची आहे.

शेवाळ येतंच, ब्लॉकवर कमी आणि पायऱ्यांवर जास्त. जुलैत पंधरा दिवसांनी हिराचा खराटा आणि ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, झाडांकडे न जाऊ देता. प्रेशरच्या पाईपने धुवायला एक पाहुणे सांगत होते, त्याने सांध्यातली वाळू उडून जाते, नको.

खर्चाचं विचाराल तर आमच्या भागात ब्लॉकपेक्षा खडी, वाळू, वाहतूक आणि मजुरी मिळून जास्त गेले, आणि हे आधी लक्षात घेतलं तर दर ऐकून धक्का बसत नाही. ब्लॉकचा चौरस फुटाचा भाव विचारून त्याला १६० ने गुणलं आणि झालं बजेट, असं करू नका. आणि ब्लॉक थोडे उरवा, पुढच्या वर्षी त्याच दुकानात गेलात तरी रंगाची छटा जुळत नाही. आमचे चाळीसेक उरलेत, फणसाखाली जमिनीपासून वर, फळीवर रचून ठेवलेत. नवऱ्याचा त्यांच्यावर डोळा आहे, गोठ्यासमोर चार फूट करून टाकू म्हणतो. मेस्त्री परवा येऊन बघून गेले आणि म्हणाले तिथे तरी खाली कोबा मारूया, म्हशी आहेत. म्हशींच्या बाबतीत ते बरोबर असतील.